घरचा संगणक एक, खाती अनेक



आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत आज संगणक आला आहे. कोणी मुलाच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतला, कोणी जुना विकत घेतला, तर कोणाला नातेवाईकांनी दिला. परंतु घरटी संगणक एक आणि वापरणारे चार-पाच, अशीच सर्वत्र परिस्थिती आहे. एक भाकरी चौघांत वाटून खाण्याची सवय आपल्याला आहे. संगणक मात्र वाटून कसा वापरावा, हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगण्याचा प्रयत्न आहे. विषय तांत्रिक वाटला तरी अवघड नाही. दहावीच्या विद्यार्थ्याला तो सहज समजेल आणि एका रविवारच्या दुपारी त्याला तो घरी करूनही पाहता येईल.

एका फोल्डरची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या थोरल्या मुलीला छत्रपती संभाजीनगर येथे प्रवेश मिळाला. मूळ कागदपत्रे प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयात जमा झाली. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके या सर्वांच्या स्कॅन केलेल्या प्रती तिने घरच्या संगणकावर एका फोल्डरमध्ये नीट नावे देऊन ठेवल्या होत्या. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास चार दिवस उरले होते. त्याच दिवशी धाकट्याने मित्राकडून पेनड्राइव्हमध्ये एक खेळ आणला आणि संगणकात घातला. खेळाबरोबर आणखी काहीतरी आले. संगणक सुरू होईना. दुरुस्तीवाल्याने सर्व पुसून नव्याने भरून दिला. संगणक चालू झाला, पण फोल्डर गेला तो गेलाच.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. मी पहाटेच्या एस. टी. ने निघालो, कार्यालयात विनवण्या करून प्रती मिळविल्या, आणि शेवटच्या दिवशी रात्री अर्ज भरला गेला. शिष्यवृत्ती मिळाली. परंतु त्या तीन दिवसांत घरात धाकट्याला जे बोल लावले गेले, त्यांची मला आजही लाज वाटते. कारण चूक त्याची नव्हतीच, माझी होती. संगणकावर एकच खाते होते. ते माझ्या नावाचे, बिनापासवर्डचे आणि सर्व अधिकार असलेले होते. जो बसेल तो मालक! अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती मी साऱ्या घराची किल्ली दिली होती आणि दार उघडले म्हणून त्यालाच रागावत होतो.

थोरली त्या वेळी एवढेच म्हणाली, "बाबा, वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी राहतो, पण प्रत्येकीची पेटी वेगळी असते. मग घरच्या संगणकातच सगळ्यांचा संसार एका गाठोड्यात का?" तिचे हे म्हणणे हाच या लेखाचा गाभा होय.

खाते म्हणजे काय?

बँकेत जसे प्रत्येकाचे खाते वेगळे, तसेच संगणकावरही प्रत्येक वापरणाऱ्याचे खाते वेगळे असू शकते. ज्याचे खाते, त्याचे नाव, त्याचा पासवर्ड, त्याचे फोल्डर, त्याचा डेस्कटॉप, त्याने इंटरनेटवर उघडलेली पाने आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले त्याचे पासवर्ड. एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या कागदपत्रांत शिरता येत नाही. वसतिगृहातील खोली सर्वांची, पेटी मात्र ज्याची त्याची, असाच हा प्रकार.

ही खाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार व्यवस्थापकाचा. त्याला विंडोजमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणतात. हे खाते म्हणजे वसतिगृहाचे अधीक्षक. नवा कार्यक्रम भरणे, काढून टाकणे, नवे खाते उघडणे, दुसऱ्याचा पासवर्ड बदलणे हे सर्व अधिकार त्याला असतात. दुसरा प्रकार मर्यादित खात्याचा. त्याला आता 'स्टँडर्ड युजर' म्हणतात. या खात्यातून लिहिणे, वाचणे, छपाई करणे, इंटरनेट पाहणे, अर्ज भरणे, चित्रपट पाहणे अशी रोजची बहुतेक कामे होतात. मात्र साऱ्या संगणकावर परिणाम करणारी गोष्ट करावयाची झाल्यास व्यवस्थापकाचा पासवर्ड मागितला जातो. त्या दिवशी धाकटा अशा मर्यादित खात्यात बसलेला असता, तर बहुधा पडद्यावर पासवर्डची चौकट आली असती, तो मला विचारावयास आला असता, आणि पुढचे रामायण टळले असते.

ही कल्पना आली कोठून?

एक यंत्र अनेकांनी वाटून वापरावे ही गोष्ट नवी नाही. उलट, एकाने एक संगणक वापरणे हीच नंतरची चैन आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक आला, तेव्हा कितीतरी संशोधक आपापल्या कामासाठी त्या एकाच यंत्रावर अवलंबून असत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच वेळी अनेकांना एक संगणक वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवण्याचा प्रश्न आला आणि त्यातूनच संगणकावरील पासवर्ड रूढ झाला. पुढे १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' प्रणालीस आरंभ केला. तिच्यात सामान्य वापरणारा आणि सर्वाधिकारी 'रूट' असा स्पष्ट भेद केला गेला.

आपल्या महाराष्ट्रातही १९९८ साली वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावांत ऊस उत्पादक शेतकऱ्यांसाठी संगणक केंद्रे उभी करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला होता. गावचे केंद्र एक, तेथे येणारे शेतकरी अनेक. वाटून वापरणे हा आपल्याकडचाही अनुभव आहे, तो असा.

१९७५ साली जेरोम साल्त्झर आणि मायकेल श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी संगणकाच्या संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक तत्त्व आपण घरोघरी लिहून ठेवावे असे आहे. कोणत्याही माणसाला वा कार्यक्रमाला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत, त्याहून अधिक देऊ नयेत. यात त्या माणसावर अविश्वास नाही. चुकीचा फटका लहान राहावा एवढाच त्यामागील हेतू आहे. विहिरीवरचे पाणी आणण्यास कळशी पुरते, त्यासाठी पंपाची पेटी कोणी उघडून देत नाही.

घरगुती संगणकात मात्र हे तत्त्व उशिरा आले. 'विंडोज ९५' सुरू होताना नाव व पासवर्ड विचारी खरा, पण 'कॅन्सल' दाबले की बिनदिक्कत आत जाता येई. ते दार नव्हते, दाराचे चित्र होते. २००१ साली 'विंडोज एक्सपी' आली आणि घरगुती संगणकावर खरे मर्यादित खाते मिळाले. परंतु त्या काळचे अनेक कार्यक्रम मर्यादित खात्यात चालत नसत, म्हणून लोक सर्वाधिकारी खात्यातच काम करीत. २००७ मधील 'विंडोज व्हिस्टा' पासून महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी परवानगी विचारणारी चौकट येऊ लागली. तीच पद्धत पुढे सुधारत विंडोज १० व ११ मध्ये आलेली आहे. एवढी सोय असूनही आपण ती वापरत नाही, याचे कारण एकच. नव्या विंडोजवर पहिले खाते आपोआप सर्वाधिकारी बनते, आणि बहुतेक घरांत ते पहिले खातेच शेवटचे ठरते.

प्रत्यक्ष कृती

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. खालील पायऱ्या विंडोज ११ साठी आहेत. विंडोज १० मध्ये एक-दोन शब्दांचा फरक आहे, तो त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

(१) यादी करा. घरात संगणक कोण कोण वापरतो व कशासाठी, हे कागदावर लिहा. वडील, आई, थोरली, धाकटा आणि अधूनमधून येणारी पाहुणे मंडळी. प्रत्येकासाठी एक मर्यादित खाते आणि सर्वांसाठी मिळून एक व्यवस्थापक खाते, असा आराखडा ठेवा. पाहुण्यांसाठी 'पाहुणे' नावाचे एक मर्यादित खाते पुरे.

(२) नवे खाते उघडा. 'सेटिंग्ज' मध्ये जा, तेथे 'अकाउंट्स' आणि त्यात 'अदर युजर्स' निवडा. विंडोज १० मध्ये याच ठिकाणी 'फॅमिली अँड अदर युजर्स' असे लिहिलेले असते. 'अ‍ॅड अकाउंट' वर क्लिक करा. आता ई-मेल मागितला जाईल. घाबरू नका. खालील 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' ही ओळ निवडा आणि पुढच्या पानावर 'अ‍ॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. असे केल्याने ज्याच्याकडे ई-मेल नाही त्याचेही खाते उघडता येते.

(३) नाव व पासवर्ड द्या. पासवर्ड दिल्यावर तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे मागितली जातात. पासवर्ड विसरल्यास ही उत्तरे कामी येतात. पण येथे एक गंमत आहे. लहानपणीचे टोपणनाव काय, जन्मगाव कोणते, सर्वांत मोठ्या चुलत भावंडाचे नाव काय, पहिली शाळा कोणती, असे ते प्रश्न असतात. परदेशात ही उत्तरे गुप्त असतील, आपल्याकडे ती साऱ्या वाड्याला पाठ असतात! म्हणून खरे उत्तर न देता स्वतःच ठरविलेले वेगळे उत्तर द्यावे आणि ते लक्षात ठेवावे.

(४) आधी व्यवस्थापक, मग बाकीचे. पहिले नवे खाते 'व्यवस्थापक' या नावाने उघडा. यादीत त्यावर क्लिक करून 'चेंज अकाउंट टाइप' मध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. नंतर संगणकातून बाहेर पडून या नव्या खात्यात एकदा प्रत्यक्ष शिरून पाहा. पासवर्ड चालतो याची खात्री झाल्यावरच, त्या खात्यात बसून, आपले जुने रोजचे खाते 'स्टँडर्ड युजर' करा. हा क्रम उलटा करू नये. नवी किल्ली कुलपाला लागते की नाही हे पाहिल्याशिवाय कोणी जुनी किल्ली टाकून देत नाही.

(५) घरातील इतरांची खाती उघडा. नवे खाते मुळातच 'स्टँडर्ड' प्रकारचे बनते. त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही, फक्त यादीत एकदा तपासून पाहावे.

(६) कीबोर्ड लावा. प्रत्येक खात्याची भाषा व कीबोर्ड वेगळा ठेवता येतो. आईला मराठी ध्वनी-आधारित कीबोर्ड, टंकलेखन शिकणाऱ्या मुलाला इनस्क्रिप्ट आणि थोरलीला इंग्रजी, असे एकाच संगणकावर सुखाने नांदते. एकाने बदललेली मांडणी दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही. आमच्या घरातील निम्मी भांडणे एवढ्यानेच मिटली.

जुनी कागदपत्रे कशी वाटावीत?

खाती झाली, पण जुन्या खात्यात सर्वांच्या फायली एकत्र आहेत, त्यांचे काय? सी ड्राइव्हमध्ये 'युजर्स' नावाचे फोल्डर असते आणि त्यात 'पब्लिक' नावाचे एक फोल्डर असते. ते सर्वांना उघडता येते. गावच्या चावडीसारखी ही जागा समजावी. जुन्या खात्यातून थोरलीच्या फायलींची प्रत तेथे करा. कापून नेऊ नका, प्रतच करा. मग थोरलीने आपल्या खात्यात शिरून त्यांची प्रत आपल्या 'डॉक्युमेंट्स' मध्ये घ्यावी. सर्व फायली उघडतात असे पाहून झाल्यावर व्यवस्थापकाने चावडीवरची व जुन्या खात्यातील प्रत पुसून टाकावी. पूर्वी ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्डही जुन्या खात्यातून काढून टाकावेत. अन्यथा वेगळे खाते उघडूनही शिष्यवृत्तीचा वा बँकेचा पासवर्ड जुन्याच जागी पडून राहील.

येथे एक धोक्याची सूचना. पुष्कळांच्या संगणकात 'डी' ड्राइव्ह असतो आणि महत्त्वाच्या फायली तेथे ठेवण्याची पद्धत आहे. परंतु नेहमीच्या मांडणीत 'डी' ड्राइव्हवरील फायली त्या संगणकावरील सर्व खात्यांना वाचता, बदलता व पुसताही येतात. म्हणजे तेथे ठेवलेला दाखला पेटीत नसून ओसरीवर आहे असे समजावे. खाजगी कागद आपल्या खात्यातील 'डॉक्युमेंट्स' मध्येच ठेवावेत.

जुना संगणक असेल तर

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. अशांना लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. उबुंटूसारखी प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्या देशात सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. लिनक्स युनिक्सच्याच घराण्यातील असल्यामुळे वेगळी खाती ही तिची जन्मजात रीत आहे. उबुंटूमध्ये 'सेटिंग्ज' मधील 'युजर्स' येथे जावे, नव्या आवृत्तीत ते 'सिस्टिम' च्या आत आहे. 'अनलॉक' दाबून आपला पासवर्ड द्यावा, 'अ‍ॅड युजर' निवडावे आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ची खूण बंद ठेवावी. २०२१ च्या २१.०४ या आवृत्तीपासून उबुंटू नव्याने बसविल्यास प्रत्येकाचे घर-फोल्डर इतर सामान्य खात्यांना मुळातच बंद असते.

वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचा. विंडोजमध्ये एकाचे काम तसेच ठेवून दुसऱ्याला आपल्या खात्यात शिरता येते. सोय चांगली आहे, पण पहिल्याचे न जपलेले काम तोपर्यंत तात्पुरत्या स्मृतीतच असते. वीज गेली की दोघांचेही गेले. दुसऱ्याने संगणक बंद करू पाहिल्यास, आणखी कोणी हा संगणक वापरत आहे, त्याचे न जपलेले काम जाईल, अशी सूचना येते. ती न वाचता पुढे जाऊ नये. सर्वांत चांगले म्हणजे उठताना काम जपावे आणि खात्यातून पूर्ण बाहेर पडावे. दोन मिनिटांसाठीच उठायचे असेल तर विंडोजचे बटण आणि 'एल' एकत्र दाबले की पडदा कुलूपबंद होतो.

लहान मुलांसाठी

मर्यादित खाते म्हणजे मुलांवरची देखरेख नव्हे, हे नीट समजून घ्यावे. मर्यादित खात्यातून कोणतेही संकेतस्थळ पाहता येते. लहान मुलाची वेळ ठरवून द्यावयाची असेल, तर मायक्रोसॉफ्टची 'फॅमिली' ही वेगळी सोय आहे. तिच्यासाठी पालक व मूल दोघांचेही मायक्रोसॉफ्ट खाते लागते. तिच्यात किती वेळ बसावयाचे आणि कोणते कार्यक्रम उघडावयाचे हे ठरविता येते. तिच्यातील संकेतस्थळांची गाळणी मात्र 'एज' या ब्राउझरपुरतीच काम करते. पण मला अनुभवाने असे वाटते, की दहा-बारा वर्षांच्या मुलाला गाळणीपेक्षा कारण सांगितलेले अधिक उपयोगी पडते. "तुझे खाते मर्यादित का, तर ताईचे कागद सुरक्षित राहावेत म्हणून", असे सांगितल्यावर धाकट्याने एकदाही तक्रार केली नाही. माझे स्वतःचे रोजचे खातेही मर्यादित आहे, हे त्याला दाखविल्यावर तर प्रश्नच मिटला.

याने काय होत नाही?

कोणतेही कुलूप सर्व चोरांना अडवीत नाही. म्हणून या खात्यांच्या मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे.

(अ) मर्यादित खात्यातही काही कार्यक्रम, उदा. काही ब्राउझर, त्या खात्यापुरते बसतात. त्यांना व्यवस्थापकाचा पासवर्ड लागत नाही.

(आ) मर्यादित खात्यात शिरलेला विषाणू इतरांच्या खात्यांत सहज जाऊ शकत नाही, पण ज्याच्या खात्यात शिरला त्याच्या फायलींची नासाडी करू शकतो. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह काढून ठेवावा. दुसरी प्रत डिजिलॉकर वा ई-मेलमध्ये ठेवावी.

(इ) पेनड्राइव्हवरील फायलींना सहसा खात्याचे संरक्षण नसते. ज्याच्या हाती तो, त्याची ती.

(ई) संगणक चोरीस गेला, तर जाणकार माणूस दुसऱ्या मार्गाने डिस्क वाचू शकतो. त्यासाठी डिस्क सांकेतिक करण्याची सोय वेगळी आहे.

(उ) फोनवरून ओटीपी विचारणाऱ्या ठकाला कोणतेही खाते अडवीत नाही. तेथे आपले शहाणपणच कामी येते.

ज्यांच्या घरी संगणक नाही, ते सेवा केंद्रावर अर्ज भरतात. तेथील संगणक तर शेकडो लोकांचा. काम झाल्यावर संकेतस्थळावरून बाहेर पडावे, ब्राउझरने पासवर्ड जपू का असे विचारल्यास नको म्हणावे, आणि 'डाउनलोड्स' मध्ये राहिलेला आपला दाखला समोर उभे राहून पुसून घ्यावा. यात संकोच करू नये. तो कागद आपला आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पासवर्ड ही कायद्यानेही जपलेली वस्तू आहे.

किल्ली कोणाकडे?

आता शेवटचा, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. व्यवस्थापकाचा पासवर्ड घरात कोणाकडे असावा?

आपल्याकडे याचे उत्तर न विचारताच ठरते. थोरल्या मुलाकडे! मुलगी संगणकात कितीही हुशार असली तरी किल्ली मुलाच्या कमरेला. मग बहिणीला अभ्यासाचा एखादा कार्यक्रम भरावयाचा झाला, तरी भावाची मनधरणी करावी लागते. हे बरोबर नाही. व्यवस्थापक म्हणजे मालक नव्हे. ज्याला काम समजते आणि जो जबाबदारीने वागतो त्याच्याकडे किल्ली असावी, मग ती सून असो वा मुलगी. आमच्या घरी ती थोरलीकडे आहे आणि मीही तिला विचारूनच नवा कार्यक्रम भरतो.

हेही लक्षात ठेवावे, की व्यवस्थापकाने मनात आणले तर तो इतरांच्या फायली पाहू शकतो, त्यांचे पासवर्ड बदलू शकतो. यंत्र त्याला अडवीत नाही. त्याला अडविणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचा स्वतःचा विवेक. मर्यादित खाते हे पाळत ठेवण्याचे साधन करू नये. ज्या घरात वाढत्या मुलीला स्वतःचे कपाट नाही, त्या घरात तिला स्वतःचे एक खाते आणि कोणी न उघडणारे एक फोल्डर मिळाले, तर ती लहान गोष्ट नाही. तेथे ती आपली टिपणे ठेवील, अर्ज ठेवील, कदाचित एखादी कविताही ठेवील.

आणि आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण. आपल्याकडील हजारो कुटुंबांतील आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. घरी आजी आणि शिकणारी मुले. पासवर्ड एकट्या वडिलांना ठाऊक असेल आणि ते दूर कारखान्यावर उसाच्या फडात असतील, तर मुलांचे काम अडते. म्हणून व्यवस्थापकाचा पासवर्ड कागदावर स्वच्छ अक्षरात लिहावा, पाकिटात घालून ते चिकटवावे आणि आजीच्या पेटीत ठेवावे. आजीला अक्षर येत नसेल, पण पाकीट फोडलेले आहे की नाही हे तिला नक्की कळते. यापेक्षा भरवशाची तिजोरी माझ्या पाहण्यात नाही.

मित्रांनो, आपल्या आधीच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात, एका पुस्तकावर चौघांनी अभ्यास केला. पुस्तक एकच होते, पण कोणी त्याचे पान फाडीत नसे, कारण त्यानंतर ते दुसऱ्याला वाचावयाचे आहे हे प्रत्येकाला माहीत होते. घरच्या संगणकाचेही तसेच आहे. येत्या रविवारी घरातील सर्वांना एकत्र बसवा, यादी करा आणि प्रत्येकाचे खाते उघडा. तासाभराचे काम आहे. त्या तासाने एखाद्या मुलीचा शेवटच्या दिवसाचा अर्ज वाचेल आणि एखाद्या धाकट्याच्या वाट्याचे विनाकारण बोलही वाचतील.